तराजूचा हुन्नर आणि बॅटरीचा हिशोब
बिनतारी यंत्रांच्या पोटातील 'एडीसी' : कारागीर व व्यापारी बंधूंसाठी ओळख

अंधेरीत व्यवसाय करणाऱ्या आमच्या बंधूंचे धंदे वेगवेगळे आहेत. कोणी स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्त करतो, कोणी मरोळ-साकीनाक्याला लहानसा कारखाना चालवतो, कोणी सीप्झमध्ये सोन्याच्या दागिन्यांवर काम करतो, तर कोणाचे किराणा मालाचे दुकान आहे. पण या सर्वांच्या हाताखाली एक वस्तू रोज असते आणि तिचे नाव फार थोड्यांना माहीत असते. मल्टिमीटरमध्ये ती आहे, सोन्याच्या काट्यात आहे, दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यात आहे आणि खिशातील मोबाइलमध्ये तर ती अनेक ठिकाणी आहे. तिचे नाव 'अ‍ॅनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर', थोडक्यात एडीसी.

तिचे काम सांगायला सोपे आहे. माणसाचा आवाज, वस्तूचे वजन, शरीराचे तापमान, हृदयाचा ठोका, हवेतून येणाऱ्या रेडिओलहरी या सर्व गोष्टी सलग असतात. त्या हळूहळू चढतात, हळूहळू उतरतात. संगणकाला आणि मोबाइलला मात्र फक्त आकडे समजतात. या सलग गोष्टीचे वीजदाबात रूपांतर करून तो वीजदाब मोजायचा आणि आकडा हातात द्यायचा, हे एडीसीचे काम. एडीसी म्हणजे वीजदाबाचा तराजू होय.

आता हा तराजू भिंतीच्या प्लगवर चालत असेल तर फारशी चिंता नाही. पण तो लहानशा बॅटरीवर चालायचा असेल आणि मोजलेला आकडा बिनतारी पाठवायचाही असेल, तर मोजमापाच्या प्रत्येक दाण्याची किंमत बॅटरीतून द्यावी लागते. कमी विजेत चालणारी एडीसी घडवणे हा आज जगभर मागणी असलेला हुन्नर आहे. या पानावर आम्ही त्याची ओळख करून देत आहोत. यातून दुकानदाराला माल पारखण्याची नजर मिळेल आणि ज्याचा मुलगा किंवा मुलगी शिकत आहे त्याला एक वाट दिसेल, अशी आमची अपेक्षा आहे.

मापाची अमानत

माप आणि वजन हा आपल्याकडे नुसता धंद्याचा विषय नाही, तो दीनचाही विषय आहे. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, हे प्रत्येक व्यापारी बंधूला ठाऊक आहे. म्हणूनच मुस्लिम विद्वानांनी तराजूच्या शास्त्राकडे फार लक्ष दिले. मर्व शहरात, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानात, अल-खाझिनी यांनी इ.स. ११२१ च्या सुमारास 'मीझानुल हिकमा' हा ग्रंथ लिहिला. वस्तू हवेत आणि पाण्यात तोलून सोने शुद्ध आहे की भेसळीचे, हे कसे ओळखायचे याची रीत त्यात दिलेली आहे. तो तराजू पितळ-लोखंडाचा होता. आजचा तराजू सिलिकॉनचा आहे आणि तो नखावर मावेल एवढ्या चिपमध्ये बसतो. तोलण्याची युक्ती मात्र बरीचशी तीच आहे.

तोलण्याच्या चार रीती

पहिली रीत मल्टिमीटरमधील आहे. बाजारातील साध्या डिजिटल मल्टिमीटरचा घराणेदार पूर्वज म्हणजे इंटरसिल कंपनीने १९७० च्या दशकात काढलेली 'आयसीएल ७१०६' ही चिप. ती एका ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि १९९९ पर्यंत आकडा दाखवते. तिची रीत अशी समजून घ्यावी. एका नळाची धार किती आहे हे आपल्याला माहीत नाही. त्याच्याखाली रिकामा हंडा ठरावीक वेळ धरायचा. मग हंड्याच्या तळाशी, जिची धार माहीत आहे अशी तोटी उघडायची आणि हंडा रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. त्या वेळावरून नळाची धार कळते. येथे हंड्याच्या जागी कपॅसिटर आहे आणि पाण्याच्या जागी वीज. ही रीत अगदी सावकाश आहे. सेकंदाला दोन-तीन वेळाच मोजमाप होते. पण डोळ्याने वाचायच्या आकड्याला त्याहून घाई कशाला? आणि सावकाशपणाचा एक फायदाही आहे. हंडा भरण्याची वेळ विजेच्या ५० हर्ट्झच्या पूर्ण फेऱ्यांएवढी ठेवली, की घरच्या विजेची खरखर आपोआप जमाखर्च होऊन शून्य होते. या चिपचा खर्च १० मिलिवॅटहूनही कमी असतो. म्हणूनच मल्टिमीटरची बॅटरी महिनोन्‌महिने टिकते.

दुसरी रीत खऱ्या तराजूची आहे. १०२३ ग्रॅमपर्यंतचे वजन फक्त दहा वजनांनी तोलायचे आहे असे समजा. वजने ठेवा ५१२, २५६, १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १ ग्रॅमची. माल ७०० ग्रॅमचा आहे. प्रथम ५१२ ठेवले, माल जड आहे, म्हणून वजन राहू द्या. मग २५६ टाकले, पारडे वजनाकडे झुकले, म्हणून ते काढा. १२८ टाकले, ते राहिले. ६४ ने बेरीज ७०४ झाली, म्हणून काढले. पुढे ३२, १६, ८ आणि ४ राहिले आणि बेरीज बरोबर ७०० झाली. २ आणि १ टाकून पाहिले तर ती जास्त होतात, म्हणून काढली. दहा वेळा तोलले आणि वजन मिळाले. या रीतीच्या एडीसीला 'एसएआर' म्हणतात. अमेरिकेत बर्कले येथे मॅकक्रिअरी आणि ग्रे या दोघांनी १९७५ मध्ये वजनांच्या जागी लहान-मोठे कपॅसिटर वापरून ही रीत एका चिपवर बसवण्याचा मार्ग दाखवला. तीत तोलणारा काटा एकच लागतो आणि तोही विचारले तेव्हाच जागा होतो. त्यामुळे बॅटरीवरच्या यंत्रांत आज हीच रीत सर्वांत जास्त आढळते.

तिसरी रीत उतावळ्यांची आहे. एकच काटा दहा वेळा वापरण्याऐवजी प्रत्येक पायरीसाठी स्वतंत्र काटा लावायचा आणि एका क्षणात सर्वांना एकदम विचारायचे. याला 'फ्लॅश' म्हणतात. वेग प्रचंड मिळतो, पण ८ बिटांच्या मोजमापाला २५५ काटे लागतात आणि १० बिटांच्या मोजमापाला १०२३. इतके नोकर ठेवले की पगारही तितकेच द्यावे लागतात. लहान बॅटरीला ते परवडत नाही.

चौथी रीत 'सिग्मा-डेल्टा' नावाची. तिचा मार्ग टोकियोत इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी १९६२ मध्ये मांडला. यात काटा अगदी ढोबळ असतो, जणू फक्त 'कमी' किंवा 'जास्त' एवढेच सांगणारा. पण तो हजारो वेळा तोलतो, दर वेळची चूक पुढच्या हिशोबात जोडतो आणि शेवटी सरासरी काढतो. सरासरी इतकी बारीक निघते की सोन्याच्या काट्यापासून गाण्याच्या रेकॉर्डिंगपर्यंत तिचा उपयोग होतो.

बिट म्हणजे काय आणि त्याची किंमत किती

एडीसीच्या जाहिरातीत '८ बिट', '१२ बिट', '२४ बिट' असे शब्द असतात. एक बिट वाढला की पायऱ्या दुप्पट होतात. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, १० बिट म्हणजे १,०२४, १२ बिट म्हणजे ४,०९६, १६ बिट म्हणजे ६५,५३६. २४ बिट म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख पायऱ्या.

पायऱ्या दुप्पट झाल्या की खर्चही दुप्पट होत असेल, असे वाटते. ढोबळ मोजमापात साधारण तसेच असते. पण बारीक मोजमापात एक अडचण येते. प्रत्येक कपॅसिटरमध्ये उष्णतेमुळे विजेची बारीक थरथर चालूच असते. ती थांबवता येत नाही. पायरी निम्मी करायची तर थरथरही निम्मी करावी लागते आणि त्यासाठी कपॅसिटर चौपट मोठा घ्यावा लागतो. चौपट कपॅसिटर भरायला वीजही चौपट लागते. म्हणजे १० बिटांवरून १२ बिटांवर जायचे तर खर्च दुप्पट-तिप्पट नव्हे, सोळापट होऊ शकतो. हा निसर्गाचा नियम आहे, तेथे घासाघीस चालत नाही.

दुसरा खर्च वेगाचा. सेकंदाला जितक्या वेळा मोजाल तितकी वीज जाईल. टेलिफोनच्या आवाजासाठी सेकंदाला ८,००० वेळा मोजले जाते. हृदयाच्या आलेखासाठी, म्हणजे ईसीजीसाठी, २५० ते ५०० वेळा पुरे होते. दुकानातील काट्याला १० वेळाही भरपूर आहे. नियम असा की मोजायच्या लहरीत जी सर्वांत वेगवान हालचाल असेल तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे. त्याहून फार जास्त वेळा मोजणे म्हणजे रिकामी गाडी पळवणे.

आता बॅटरीचा हिशोब करू. काट्यात, रिमोटमध्ये, घड्याळात जी रुपयाएवढी चपटी बॅटरी असते ती 'सीआर २०३२'. तिच्यात ३ व्होल्टवर सुमारे २२० मिलिअँपिअर-तास वीज असते, म्हणजे ६६० मिलिवॅट-तास. एडीसी सतत १० मिलिवॅट खात असेल तर बॅटरी पावणेतीन दिवसांत संपेल. १ मिलिवॅट खात असेल तर साडेसत्तावीस दिवस चालेल. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या लोकांनी २००८ मध्ये एक एसएआर चिप दाखवली. ती १० बिटांचे मोजमाप सेकंदाला दहा लाख वेळा करीत होती आणि खर्च होता १.९ मायक्रोवॅट, म्हणजे एका मिलिवॅटच्या पाचशेव्या भागाएवढा. नुसती ती एडीसी चालवायची असेल तर कागदावरच्या हिशोबाने हीच बॅटरी ३९ वर्षे पुरेल. तोपर्यंत बॅटरी स्वतःच म्हातारी होऊन मरेल ही गोष्ट वेगळी! हुन्नर काय करू शकतो हे सांगण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

ही काटकसर कशी साधते? त्यातील मुख्य युक्त्या तीन आहेत. पहिली, वीजदाब कमी करणे. आकड्यांच्या सर्किटचा खर्च वीजदाबाच्या वर्गाने कमी होतो. ३ व्होल्टवरून १ व्होल्टवर आणले की खर्च नवव्या हिश्शावर येतो. पण मोजायची लहरही तितकीच लहान होते आणि थरथर तिच्यात मिसळते, म्हणून यालाही मर्यादा आहे. दुसरी युक्ती, कोणताही भाग विनाकारण जागा ठेवायचा नाही. मोजमाप झाले की चिपने झोपी जावे. तिसरी, कपॅसिटर गरजेपेक्षा मोठे करायचे नाहीत. कसबी शिंपी कापड बेतताना जसा चिंधीही वाया घालवत नाही, तसाच हा प्रकार आहे.

बिनतारी यंत्राची अडचण

यंत्र बिनतारी झाले की हिशोबात आणखी दोन कलमे वाढतात.

पहिले कलम आकडे पाठवण्याचे. मोजलेला प्रत्येक आकडा रेडिओने पाठवावा लागतो आणि लहान यंत्रात रेडिओ हा सर्वांत खादाड असतो. ईसीजीचे ५०० नमुने दर सेकंदाला १२ बिटांनी घेतले तर ६,००० बिट पाठवायचे असतात. कोणी हौसेने १०,००० नमुने घेतले तर तेच १ लाख २० हजार बिट होतात. रुग्णाच्या हृदयाची माहिती तेवढीच राहते, खर्च मात्र वीसपट. म्हणून जास्तीचा नमुना दोनदा पैसे खातो, एकदा मोजताना आणि एकदा पाठवताना.

दुसरे कलम ऐकण्याचे. मोबाइलच्या रेडिओला स्वतःच्या टॉवरची कुजबुज ऐकायची असते आणि शेजारच्या पट्ट्यात दुसरा कोणी मोठ्याने ओरडत असतो. अंधेरी स्टेशनच्या पुलावर गर्दीच्या वेळी कानात सांगितलेली गोष्ट ऐकण्यासारखेच ते आहे. शेजाऱ्याचा वीजदाब आपल्याहून हजारपट असेल आणि दोन्ही लहरी एकाच तराजूत टाकल्या, तर तराजूला त्या ओरडण्यासाठी सुमारे दहा बिट जास्त ठेवावे लागतात. आणि बिटाची किंमत आपण वर पाहिली. यावर उपाय म्हणजे तोलण्यापूर्वी चाळणे. तांदळातले खडे आधी काढले तर त्यांचे वजन करावे लागत नाही. एडीसीच्या अगोदर फिल्टर लावून शेजाऱ्याची लहर कापली की लहान एडीसी पुरते. पण चाळणीही फुकट मिळत नाही, तीही वीज खाते. कोठपर्यंत चाळायचे आणि कोठून पुढे तोलायचे, हा निर्णय घेणे हेच या क्षेत्रातील डिझायनरचे खरे काम आहे. यंत्रे तयार करणारी यंत्रे कितीही निघाली तरी हा निवाडा माणसाच्या अनुभवावर अवलंबून राहिला आहे.

पवईचे उदाहरण

हे सर्व परदेशातच चालते असा समज होण्याचे कारण नाही. साकीनाक्यावरून थोडे पुढे गेले की पवईला १९५८ मध्ये स्थापन झालेली आयआयटी मुंबई आहे. तेथे 'सिलिकॉन लॉकेट' नावाच्या प्रकल्पावर काम झाले. रुग्णाने लहानसे यंत्र अंगावर बाळगावे आणि त्यात त्याच्या हृदयाचा आलेख नोंदला जावा, ही त्यामागची कल्पना. २००५ मध्ये तेथील मरियम शोजाई बघिनी, राकेश लाल आणि दिनेश शर्मा यांनी, अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्रासाठी कमी विजेत चालणाऱ्या अ‍ॅनालॉग चिपचे काम आशियाई परिषदेत मांडले. हृदयाची लहर त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्ट असते. अंगावर घरच्या विजेची ५० हर्ट्झची खरखर तिच्याहून किती तरी मोठी असू शकते. एडीसीपर्यंत पोहोचण्यापूर्वी लहर मोठी करणे आणि खरखर चाळून काढणे हे काम अशा चिपला करावे लागते, तेही लहानशा बॅटरीवर.

ज्यांच्या घरात हृदयरोगी आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. दर दोन दिवसांनी बॅटरी बदलावी लागणारे यंत्र रुग्ण चार दिवसांत कपाटात टाकतो. महिनाभर चालणारे यंत्र गळ्यात राहते आणि वेळेला उपयोगी पडते. एका मिलिवॅटचा फरक येथे जिवाचा फरक होऊ शकतो.

सीप्झने शिकवलेला धडा

अंधेरी पूर्वेची सीप्झ वसाहत १ मे १९७३ रोजी सुरू झाली ती केवळ इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी. तिच्या नावातच इलेक्ट्रॉनिक्स आहे. १९८७-८८ मध्ये तेथे हिरे आणि दागिन्यांच्या धंद्याला परवानगी मिळाली आणि आज सीप्झ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी दागिने येतात. आमचे अनेक कारागीर तेथे घडणावळ करतात. त्यांना एक गोष्ट अनुभवाने कळलेली आहे. दागिना घडवणाऱ्याला नगामागे मजुरी मिळते, पण ज्याच्या मालकीचे डिझाइन असते त्याला प्रत्येक नगावर नफा मिळतो.

इलेक्ट्रॉनिक्सचेही असेच आहे. सुटे भाग आणून जोडणे ही मजुरी आहे. चिपचा नकाशा काढणे ही मालकी आहे. चिप छापण्याच्या कारखान्याला हजारो कोटींचे भांडवल लागते, ते आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. नकाशा काढण्याला मात्र डोके, संगणक, सॉफ्टवेअर आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळूरला डिझाइन केंद्र काढले. तेथे तयार झालेल्या लोकांतून पुढे नव्या कंपन्या निघाल्या. २००५ मध्ये बंगळूरलाच सुरू झालेली कॉस्मिक सर्किट्स ही त्यांपैकी एक. एडीसीसारख्या अ‍ॅनालॉग भागांचे तयार नकाशे दुसऱ्या चिप कंपन्यांना विकणे हा तिचा धंदा होता. २०१३ मध्ये अमेरिकेच्या केडन्स कंपनीने ती विकत घेतली. स्वतःचा चिप कारखाना नसताना नुसत्या हुन्नरावर एवढी मजल मारता येते.

चिप छापून पाहण्याचा खर्चही वाटून घेता येतो. कुर्बानीच्या मोठ्या जनावरात सात हिस्से घेतात, त्याप्रमाणे सिलिकॉनच्या एका चकतीवर अनेकांचे नकाशे एकत्र छापतात आणि प्रत्येकजण आपल्या हिश्शाचे पैसे भरतो. शिवाय एडीसीसारख्या कामाला सर्वांत नवा, सर्वांत महाग कारखाना लागतोच असे नाही. मोहालीच्या सरकारी सेमिकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरची जी रीत आहे तिच्यातही चांगली अ‍ॅनालॉग चिप बनते.

दुकानदारांनी काय पाहावे

आता रोजच्या व्यवहाराच्या गोष्टी. काटे आणि बिनतारी यंत्रे विकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि वापरणाऱ्या बंधूंनी पुढील मुद्दे ध्यानात ठेवावेत.

एक, खोक्यावरील '२४ बिट' या शब्दांनी भुलू नये. २४ बिटांत १ कोटी ६७ लाख पायऱ्या असल्या तरी खालच्या कित्येक पायऱ्या थरथरीत बुडालेल्या असतात. किराणा दुकानात वापरतात त्या तिसऱ्या वर्गाच्या काट्याला नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १०,००० भाग ठेवता येतात. ३० किलोचा, ५ ग्रॅमचा काटा म्हणजे फक्त ६,००० भाग. त्यामुळे काट्याचा वर्ग, कमाल वजन आणि भाग किती ग्रॅमचा, हे पाटीवर वाचून घ्यावे. बिटांच्या संख्येवर जास्तीचे पैसे देऊ नयेत.

दोन, बॅटरी लवकर संपत असेल तर दोष एडीसीला देण्यापूर्वी लोडसेल पाहावा. स्वस्त काट्यांत 'एचएक्स ७११' नावाची एडीसी फार आढळते. ती सुमारे दीड मिलिअँपिअर वीज घेते. पण ३५० ओहमचा लोडसेल ५ व्होल्टवर १४ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे नवपटीहून अधिक! बॅटरीवर चालणाऱ्या काट्याला १,००० ओहमचा लोडसेल असेल तर तो ५ मिलिअँपिअरवर भागवतो. मोजायच्या क्षणीच लोडसेलला वीज देऊन एरवी ती बंद ठेवणारा काटा त्याहूनही चांगला. लोडसेल बदलला तर काटा नव्याने जुळवून घ्यावा लागतो आणि सरकारी पडताळणी पुन्हा करून घ्यावी लागते, हे विसरू नये.

तीन, मोबाइलला बिनतारी वजन पाठवणारा काटा घेताना तो सतत रेडिओ चालू ठेवतो की वजन स्थिर झाल्यावर एकदाच आकडा पाठवतो, हे विचारावे. दुसऱ्या प्रकारचा घ्यावा.

चार, बॅटरी उतरली की आकडा भरकटू शकतो. चांगले यंत्र अशा वेळी इशारा देते किंवा बंद होते. जे यंत्र मरत्या बॅटरीवरही खुशाल आकडे दाखवत राहते ते दुकानात ठेवू नये. ग्राहकाला कमी गेले तरी वाईट आणि आपल्याला कमी आले तरी वाईट.

पाच, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा. २००९ चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. दंडाच्या भीतीने नव्हे, तर आपली रोजी हलाल राहावी म्हणून हे करावे.

मुलांसाठी वाट

मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर बसणारा मुलगा रोज मल्टिमीटरने वीजदाब तपासतो, बोर्डावर कोठे गळती आहे ते शोधतो. अ‍ॅनालॉग डिझाइनची अर्धी नजर त्याच्याकडे आलेली असते. उरलेली अर्धी म्हणजे गणित आणि विद्युतशास्त्र. ती शिकल्याशिवाय मिळत नाही. दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग पदवी आणि शक्य झाल्यास व्हीएलएसआयमध्ये पदव्युत्तर शिक्षण, अशी ही वाट आहे. ती लांब आहे. पाच-सात वर्षे लागतील. पण सोनाराचा शागीर्द तरी उस्ताद व्हायला किती वर्षे घेतो?

यासाठी दूर जावे लागत नाही. अंधेरी पश्चिमेला भवन्सच्या आवारात सरदार पटेल इन्स्टिट्यूट आहे. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक भायखळ्याला आहे. ज्याला नोकरी सांभाळून शिकायचे आहे त्याच्यासाठी एनपीटीईएल या सरकारी उपक्रमात आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत. आयआयटी मद्रासच्या शांती पवन यांनी एडीसीच्या विषयावरच संपूर्ण अभ्यासक्रम शिकवलेला आहे. संगणकावर सर्किट चालवून पाहण्यासाठी एलटीस्पाइस आणि एनजीस्पाइस ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. २०२० पासून अमेरिकेतील स्कायवॉटर कारखान्याच्या १३० नॅनोमीटर रीतीची माहितीही सर्वांसाठी खुली आहे. पूर्वी ही माहिती करार केल्याशिवाय कोणी दाखवत नसे.

सरकारनेही या क्षेत्राकडे लक्ष दिले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांचा सेमिकंडक्टर कार्यक्रम जाहीर झाला. त्यात चिपचे डिझाइन करणाऱ्या देशी कंपन्यांना निम्म्यापर्यंत खर्च परत देण्याची योजना होती. २०२२ मध्ये 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रमाखाली ८५,००० अभियंते तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यात आपल्या मुलामुलींची संख्या किती असेल, हे सरकारपेक्षा आपल्यावर जास्त अवलंबून आहे. जमातीच्या ज्या संस्था शिष्यवृत्त्या देतात त्यांनी डॉक्टरी आणि वकिलीबरोबर या शिक्षणाचाही विचार करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. ज्या उस्तादांच्या हाताखाली दुकानात मुले काम करतात त्यांनी संध्याकाळच्या वर्गासाठी त्यांना दोन तास मोकळे सोडावे. हा धंद्याचा तोटा नाही, पुढच्या पिढीची गुंतवणूक आहे.

या हुन्नराचे सार एका वाक्यात सांगायचे तर, जेवढे हवे तेवढेच मोजा, जेव्हा हवे तेव्हाच मोजा, पण जे मोजाल ते खरे मोजा. ही शिकवण चिपच्या डिझाइनरसाठी आहे आणि दुकानदारासाठीही आहे. इस्राफ न करणे आणि मापात कमी न देणे, या दोन्ही गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. ज्यांना त्या घरातूनच मिळाल्या आहेत त्यांच्या मुलांनी सिलिकॉनचा तराजू घडवण्यात मागे राहावे, असे कोणतेही कारण आम्हाला दिसत नाही.